तक्रारींची वही

दुकानात आलेली बाई कधीच म्हणत नाही की मुंढा चुकला. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल काप. तो पाव इंच इकडे-तिकडे झाला तरी ब्लाऊजचं वाटोळं होतं. पण हा शब्द आमचा, गिऱ्हाइकाचा नाही. गिऱ्हाईक म्हणते, "हात वर केला का जीव गुदमरते, बाई." दुसरी म्हणते, "गळा खांद्यावरून पळून राहिला." तिसरी काहीच बोलत नाही, ब्लाऊज टेबलावर टाकते आणि आपल्याकडे बघत उभी राहते. ती सगळ्यात अवघड.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला, घराच्या पुढच्या खोलीत, मी एकतीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. त्यातली बावीस वर्षं समोरच्या मशीनवर शकुनबाई होत्या. त्या माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. नवरा भाताच्या गिरणीत कामाला, शिक्षण तिसरीपर्यंत. त्यांना आपलं नाव लिहिता यायचं, वाचायला मात्र वेळ लागायचा. मी मॅट्रिक झालेली, शिवणक्लासचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेली. पहिल्याच आठवड्यात कळलं की सर्टिफिकेट माझ्याकडे आहे आणि हात त्यांच्याकडे. मग मी वही घेतली.

"कायले लिहून राहिली व?" त्यांनी विचारलं.

"विसरायला नको म्हणून."

"लिहलं का हात आळशी होते," त्या म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला. पण सांगायच्या. काम करता करता, मान वर न करता सांगायच्या. सुईत दोरा जात नसेल तर दोरा नको, सुईचं नाक ओलं कर. गडद कापडावर खडू दिसत नाही, तिथे अंगाच्या साबणाची वाळकी चिप घे, रेघ धुण्यात निघून जाते. मशीन टाके सोडायला लागली की बाया आधी तेल घालतात. तेल मागाहून, आधी सुई बदल. मी कात्री खाली ठेवून धावत वहीकडे जायची आणि त्या हसायच्या.

वही भरायला मी काय काय केलं, ते आता सांगायला हरकत नाही. आमच्या धंद्यात माणूस पोटातली गोष्ट सांगेल, हातातली सांगणार नाही. गोंदियाच्या बाजारात एक म्हातारे मास्टर होते. त्यांच्या गळ्याची पट्टी अशी बसायची की उलटीकडून बघावं की सुलटीकडून, असा प्रश्न पडावा. मी विचारायला गेले तर म्हणाले, "देखो बेटी, पूछो मत." बघू तर देत नव्हतेच, मध्ये पडदा होता. शेवटी मी माझंच कापड त्यांच्याकडे शिवायला टाकलं, ब्लाऊज घरी आणला आणि शकुनबाईंसोबत बसून टाका टाका उसवला. पट्टी तिरक्या धाग्यावर कापली होती आणि गळ्यापेक्षा अर्धा इंच आखूड ठेवून ओढून लावली होती. इतकंच! तो ब्लाऊज मी पुन्हा शिवला आणि अजून आहे. मास्टरांना कधी सांगितलं नाही. त्यांना बहुतेक कळलं असावं, कारण पुढच्या वेळी मला बघून त्यांनी पडद्याला अजून एक चिमटा लावला.

तर युक्त्या जमत गेल्या. जमवणं सोपं, वेळेवर सापडणं कठीण. मी शिकलेली बाई, म्हणून वही रीतसर केली होती: ब्लाऊज, परकर, कुर्ता, फ्रॉक, साडीचा फॉल. प्रत्येकाला वेगळी पानं. एका लग्नाच्या घाईत या रीतसरपणाने माझी फजिती केली. नवरीचा ब्लाऊज, कापड पाण्यासारखं निसटणारं सॅटिन. मशीनखाली घातलं की गोळा व्हायचं, टाके सुटायचे. हळद दुसऱ्या दिवशी. नवरीची मावशी खुर्चीवर बसलेली, ती हलायला तयार नाही. मला पक्कं आठवत होतं की निसटत्या कापडाचं काहीतरी लिहिलंय. ब्लाऊजची पानं झाली, कुर्त्याची झाली. मावशी म्हणाली, "टेलरिन परीक्षा देऊन राहिली का काय?"

शकुनबाई उठल्या. कोपऱ्यातला जुना पेपर घेतला, त्याची लांब पट्टी फाडली, कापडाखाली ठेवली आणि पेपरासकट शिवण मारून टाकली. मग पेपर फाडून काढला. शिवण सरळ. मावशी गेल्यावर मला ती युक्ती परकराच्या पानावर सापडली, कारण ती पहिल्यांदा परकर शिवताना कळली होती.

"तुही वही कपड्याच्या नावानं हाये," शकुनबाई म्हणाल्या. "बाई त तक्रार घेऊन येते. वही तक्रारीच्या नावानं कर ना."

मी त्या पावसाळ्यात सगळी वही नव्याने उतरवली. पाच कोऱ्या वह्या सुट्या करून एकात शिवल्या आणि पानांच्या कडेला कापडाचे तुकडे मशीनने टाचले, बोट लावलं की ते पान उघडावं म्हणून. लाल तुकडा म्हणजे "काचते". निळा म्हणजे "पळते". पिवळा म्हणजे "वर चढते". पांढरा "धुतल्यावर बिघडलं". काळा "मशीन रुसली". गिऱ्हाईक तोंड उघडायचं आणि माझं बोट तुकड्यावर. बायका थक्क व्हायच्या. एक शिक्षिका म्हणाली, ताई, आमच्या ऑफिसचं कपाट तुम्ही लावून द्या. मला त्या वहीचा गर्व होता आणि आजही आहे. फक्त तो गर्व कुणाच्या वाक्यावर उभा होता, हे मी फार लवकर विसरले.

पिवळ्या तुकड्याचं एक पान या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून ते नीट सांगते.

आमच्याकडे धानाचा रोवणा असतो. तयार केलेली रोपं, आम्ही त्यांना परे म्हणतो, चिखलात एकेक करून लावायची. बायका ओळीने दिवसभर कमरेतून वाकलेल्या असतात. उभ्या बाईचं माप घेऊन शिवलेला ब्लाऊज वाकल्यावर पाठीवरून वर चढतो. कंबर उघडी पडते, काखेत शिवण कापते, आणि दोन-चार दिवसांत पाठ टराटरा फाटते. म्हणून बायका वरून नवऱ्याचा शर्ट घालतात. आषाढ लागला की आमच्याकडे फाटलेल्या पाठींचा ढीग यायचा. मी ठिगळं लावून द्यायची. क्लासमध्ये तेच शिकवलं होतं.

शकुनबाई वेगळं करायच्या. मापाला आलेल्या बाईला त्या म्हणायच्या, "वाक. परा लाव."

बाई लाजायची. "अशी इथं?"

"मंग! तू काय उभ्यानं परा लावते का?"

बाई हसत हसत वाकायची, हात पुढे करून खोटे परे लावायची आणि शकुनबाई तिच्या वाकलेल्या पाठीवर टेप धरायच्या. पाठ उंचीला दीड-दोन इंच जास्त भरायची, रुंदीलाही. मागचा भाग तेवढा मोठा, काखेत चौकोनी तुकडा, बस्स. दवनीवाड्यापासून बाया आमच्याकडे रोवण्याचा ब्लाऊज शिवायला यायच्या. उभ्याने बघितलं तर तो ब्लाऊज पाठीला ढगळ आणि बेढब दिसायचा, कुठल्याच क्लासात पास झाला नसता.

मग शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्राने मला बायकांना शिकवायला बोलावलं. वही घेऊन गेले. तिथल्या बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, याचं छोटं पुस्तक करू. मी निवडक युक्त्या सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या. आठवड्याभरात झेरॉक्स मारून, पिन लावून पुस्तिका तयार. वर लिहिलं होतं: सुमनताईंच्या शिवणयुक्त्या.

शकुनबाईंचं नाव कुठेच नव्हतं. ते राहून गेलं असं मी बरीच वर्षं सांगत आले. राहून गेलं नव्हतं. उतरवताना माझा पेन एकदा थांबला होता. वाटलं, शिवणाच्या पुस्तकात अशी नावं कोण लिहितं? आणि खरं सांगायचं तर स्वतःचं एकटं नाव वर बघायला मला छान वाटलं होतं.

मी पुस्तिका दुकानात आणली नाही. पण केंद्रातली एक मुलगी कौतुकाने घेऊन आली आणि मोठ्याने वाचायला लागली, "रोवण्याचा ब्लाऊज. बाईला वाकवून माप घ्यावे." समोरच्या मशीनचा पायडल थांबला.

"दाखव बरं," शकुनबाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि वरचं नाव बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचलं. मग परत दिली. "अक्षर चांगलं हाये," म्हणाल्या आणि पायडल सुरू केला.

संध्याकाळी मशीनवर कापड झाकताना मी म्हटलं, "अशा पुस्तकात कुणी नावं लिहीत नाही, शकुनबाई."

"मी काई म्हटलं का?"

नाही म्हटलं. कधीच नाही म्हटलं. त्यानंतर पाच वर्षं त्या समोर बसल्या, वेळेवर आल्या, काम चोख केलं, माझ्या डब्यातली भाजी घेतली, त्यांच्यातली दिली. फक्त एक झालं. मी काही विचारलं की त्या म्हणायच्या, "वहीत पाह्य ना. सारं हाये त्यात." रागाने नाही, साधं म्हणायच्या. मखमल आली, मी विचारलं. वहीत पाह्य. जाळीच्या बाह्या आल्या. वहीत पाह्य. वहीत नव्हतं, हे दोघींना माहीत होतं. मी त्यांच्या हाताकडे बघून जमेल तेवढं उचलायची, पण बघितलेलं आणि सांगितलेलं यात फरक असतो, तो मास्टरांच्या पडद्यापाशी मी शिकले होते. त्या पाच वर्षांत वहीत एकही नवीन युक्ती चढली नाही.

नवरा गेल्यावर त्या सडक अर्जुनीला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी मशीन पुसली, बॉबिनची डबी नीट लावली आणि "येतो" म्हणून गेल्या.

मला त्यांची आठवण येते. फार येते. दोन मशीन चालतात तेव्हा एक थांबली तरी खोली चालू असते. त्या गेल्यावर माझी मशीन थांबली की सगळंच थांबायचं. एखादी तऱ्हेवाईक बाई येऊन गेली की मी हसून समोर बघायची, आणि समोर झाकलेली मशीन. एक बाई दहा वर्षांपूर्वीचा ब्लाऊज मापाला घेऊन आली आणि "तंतोतंत असाच" म्हणाली, तेव्हा शकुनबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "ब्लाऊज आणला, दहा वर्सं कुठं ठेवून आली?" मी ते मनातल्या मनात म्हटलं. एकटीला त्यात मजा नाही. गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं. लोक समजले गुडघ्यांमुळे. गुडघे होतेच, पण मला त्या खोलीत बसवत नव्हतं.

आता माझी सून पूजा ती वही मोबाइलमध्ये घेते आहे. पानाचा फोटो काढते, खाली तक्रार लिहिते. काचते लिहिलं की काचण्याची सगळी पानं समोर. माझे कापडाचे तुकडे तिथे काही कामाचे नाहीत, पण रचना तीच आहे. नात्यातल्या आणि आजूबाजूच्या शिवणाऱ्या मुलींना ती हे पाठवणार आहे. एक दिवस तिने विचारलं, "आई, प्रत्येक युक्तीखाली ती कुणी सांगितली ते लिहायचं का? व्हिडिओवाल्या बायका लिहितात बघा."

मी म्हटलं, लिहू. बसले पेन घेऊन. पानामागून पान उलटलं. अर्ध्याहून अधिक ठिकाणी एकच नाव येत होतं. दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घातली आणि सडक अर्जुनीला जायला कोहमाऱ्याची बस धरली. म्हटलं, आधी त्यांना वाचून दाखवायचं आणि त्या नाही म्हणाल्या तर यातलं काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही.

सडक अर्जुनीला लेकीचं घर एका ढाब्याच्या मागे. ट्रक गेला की भांडी वाजतात. शकुनबाई दारात खाटेवर बसल्या होत्या. साखरेने त्यांची नजर नेली आहे. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

"मी सुमन, शकुनबाई."

"आवाज वळखला मी. बस."

बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "त्या पुस्तकावर तुमचं नाव पाहिजे होतं. मी घातलं नाही. विसरून नाही, मुद्दाम नाही घातलं. माझं चुकलं."

त्यांनी खाटेवरची गोधडी चाचपून सरळ केली. मग म्हणाल्या, "चा घेशीन?"

चहा झाला. मी वही उघडली आणि म्हटलं, मी एकेक वाचते, तुम्ही नाव सांगा. साबणाची चिप वाचली. "ते माही नोहे. माह्या सासूची." पेपरची पट्टी? "रेल्वे क्वार्टरात एक बंगाली बाई राहे, तिची." अस्तर भिजवून कापायचं? "ते त साऱ्या जगाले माहीत हाये, त्याले काय नाव लावतं!" ज्या नावाने माझी पानं भरली होती ते नाव त्या स्वतःच पानामागून पान पुसत चालल्या. मी लिहीत गेले. मग पिवळ्या तुकड्यावर आले.

"रोवण्याचा ब्लाऊज?"

"ते माही," त्या म्हणाल्या. "तेवढी माही हाये."

"कुठे सुचली?" बावीस वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारत होते.

"सोळा वर्साची असन मी. रोवण्याले गेलो होतो आम्ही बाया. वाकली अन् पाठ फाटली, वरून खालपर्यंत. बदलाले दुसरा नाही. दिवसभर तसाच परा लावला. मागं माणसं बांधावर उभे. घरी येऊन रडली, मंग सासऱ्याचं धोतर फाडून मोठी पाठ लावली. तवापासून सुई धरली."

"कुठल्या गावाला?"

"दवनीवाड्याले. तुह्या बाबाच्या बांधीत." बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत. "तू येत होती ना बांधावर च्याची केटली घेऊन. लाल फ्राक. मले याद हाये."

मलाही तो फ्रॉक आठवला. बांधीतल्या बायांपैकी मात्र एकीचाही चेहरा आठवला नाही.

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू इचारलं काऊन नाही?"

मी त्या पानावर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलं आणि म्हटलं, लिहिलं, शकुनबाई.

"कुठं?" त्यांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट नेमकं नावावर ठेवलं. त्यांनी ते इकडून तिकडे फिरवलं. "काई लागत नाही हाताले."

"पेनने लिहिलंय."

"मंग मले काय कळन?"

मी त्यांच्या लेकीकडून सुई-दोरा मागून घेतला. मांडीवर वही धरून, चष्मा वर-खाली करत, पानावर त्यांचं नाव शिवायला घेतलं. माझ्याकडे होती नव्हती ती सगळी सफाई त्यात घातली, एकाला एक लागून बारीक टाके. तीन अक्षरांना अर्धा तास लागला. मग पुन्हा त्यांचं बोट धरून तिथे ठेवलं.

त्यांनी "श" वरून बोट नेलं. हळूच पुढे सरकवलं. "कु"पाशी कागद फाटला.

"टाके लय जवळ घातले," शकुनबाई म्हणाल्या. "कागद हाये तो, कापड नोहे. उसव सारं. मागून चिंधीचा तुकडा लाव, मंग टाका दे. अन् लांब लांब दे."

मी लेकीकडे ब्लेड मागितलं आणि उसवायला बसले.